आधी कोण उठतं

१

कुणाच्याही घरी टीव्ही दुरुस्त करायला गेलो की मी आधी आरसा मागतो. घरातल्या बाईला वाटतं, म्हाताऱ्याला भांग पाडायचाय. भांग पाडण्याजोगं डोक्यावर काही उरलेलं नाही हे तिला दिसत असतं, तरी ती मुकाट्याने आरसा आणून देते. लोक भिडस्त असतात, म्हणून तर माझं आयुष्य मजेत गेलं.

आरसा लागतो तो कामासाठी. टीव्हीचं पोट मागे आणि तोंड पुढे. मी मागे बसून पोटात हात घालणार, तर तोंडावर काय उमटलं हे कळणार कसं? म्हणून समोर आरसा ठेवायचा, नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर द्यायचा. उभा जन्म मी जग असंच उलटं बघितलं. आरशातली अक्षरं मी तुमच्या सरळ अक्षरांपेक्षा भरभर वाचतो. सरळ अक्षरांची आणि माझी आठवीतच फारकत झाली.

माझी दुसरी ओळख म्हणजे मी वात्रट आहे. हे मी म्हणत नाही, आमचे दाजी म्हणतात. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. हयात लेथ मशीनवर गेली, आणि त्या मशीनने त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी ठेवून घेतली. तेव्हापासून मी त्यांना 'साडेनऊ' म्हणतो. अख्खी गल्ली हसते. दाजी कधीच हसले नाहीत. मी त्यांच्या खिडकीबाहेर उभा राहून माझ्या रिमोटने त्यांच्या बातम्या बदलून कुस्ती लावत असे. ते रिमोट आपटायचे, सेल बदलायचे, पुन्हा आपटायचे. पकडला गेलो तेव्हा सगळं घर लोळून हसलं. दाजी म्हणाले, "झालं? आता बातम्या लाव."

त्या माणसाला एकदा तरी हसवायचं, एवढाच माझा जन्माचा हट्ट होता. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

२

ताईचा फोन आला. टीव्ही बंद पडलाय, ये.

"दुसरा घ्या की," मी म्हटलं. "प्लाझ्मा आता कुणाकडे असतो? त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. तो टीव्ही आणि दाजी एकाच मॉडेलचे आहेत."

ताई हसली नाही. म्हणाली, "बंद पडलाय तरी हे त्याच्यासमोर बसून आहेत. जेवायला उठत नाहीत. तू ये, बाबा."

मला पहिला संशय तिथेच आला. ताई मला 'मेल्या' म्हणते. 'बाबा' म्हणाली, म्हणजे काहीतरी शिजतंय. इतक्या वर्षांच्या खोड्यांचं उट्टं काढायचा बेत असणार. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, या घराला विनोद कळायला लागला. पिशवीत हत्यारं भरली आणि सावधपणे निघालो. दार उघडताना वर बघितलं, डोक्यावर पाण्याची बादली वगैरे टांगली आहे का. नव्हती.

बाहेरची खोली तुम्ही शंभर घरांत बघितली असेल. एका भिंतीला कपाटावर तो भला मोठा काळा टीव्ही. समोरच्या भिंतीला दाजींची लाकडी हातांची खुर्ची आणि तिच्या वर, भिंतीला, घड्याळ. मधे फरशी. दाजी खुर्चीत, नेहमीसारखे: उजवा पाय वर घेतलेला, गुडघा छातीशी, हात गुडघ्याभोवती. या बैठकीवरून ताईने त्यांना आयुष्यभर टोकलं. कापड उसवतं म्हणायची.

"काय साडेनऊ, काळा कार्यक्रम बघताय?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही. काचेकडे बघत म्हणाले, "बघतोय आधी कोण उठतं."

"कोण कोण आहे स्पर्धेत?"

"तो आणि मी."

बंद काचेत दाजींचं प्रतिबिंब बसलं होतं. मी मोठ्याने हसलो. दाजींनी विनोद केला! मग हसता हसता थांबलो, कारण त्यांच्या कपाळाला घाम होता आणि पंखा चालू होता.

३

आजार साधा होता. बटण दाबलं की आत टक् आवाज, लाल दिवा, क्षणभर काचेवर उजेड आल्याचा भास, पुन्हा टक् आणि मेला. नवशिका असता तर काच गेली म्हणून मोकळा झाला असता. मी आवाजावरून ओळखलं, वीज पुरवणारा बोर्ड थकलाय.

पण मागून उघडायला टीव्ही कपाटावरून उतरवायला हवा, आणि प्लाझ्मा म्हणजे धोंडा. दोन माणसं लागतात. मी दाजींकडे बघितलं.

"मी उठणार नाही," ते म्हणाले. तंबी दिल्यासारखं नाही. बसमध्ये जागा धरून बसलेला माणूस म्हणतो तसं.

शेवटी ताईने दुसरी बाजू धरली. टीव्ही खाली टेबलावर आला आणि ताईची कंबर धरली ती धरलीच. कण्हत कण्हत तिने आरसा आणला. मी तो दाजींच्या मांडीवर दिला. पाय खाली न घेता त्यांनी तो नडगीला टेकवून धरला. उत्तम. मला मागून पडदा दिसू लागला.

मागचं झाकण काढलं. धूळ, एक वाळलेली पाल, आणि बोर्डावर वीज साठवणारे कपॅसिटर फुगून टोप्या घातल्यासारखे उभे. उरलेली वीज आधी काढून टाकली, नाहीतर बंद टीव्हीसुद्धा माणसाला उडवतो. जुने उपटले, नवे बसवले. सोल्डरिंगचा डाख देताना राळेचा धूर नाकात गेला आणि बरं वाटलं. वास ओळखीचा असला की घर परकं वाटत नाही. त्या खोलीत मला मघापासून परकं वाटत होतं, हे तेव्हा कळलं.

बटण दाबलं. टक्. आणि प्लाझ्मा नेहमी गुणगुणतो तसा बारीक गुणगुणायला लागला.

४

आता पडद्यावर बसणारा डाग म्हणजे काय ते सांगतो. प्लाझ्माच्या काचेत वायूचे बारीक बारीक कप्पे असतात, ते पेटले की चित्र. एकच चित्र फार वेळ राहिलं तर ते कप्पे झिजतात आणि सावली बसते. बातम्यांच्या घरी कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह बसतं, क्रिकेटच्या घरी धावफलक. ती बघायला मी सगळा पडदा पांढरा करतो.

पांढरा केला. आरशात बघितलं.

पडद्यावर ही खोली होती.

फिकट, चहाच्या डागाच्या रंगाची. खुर्ची, भिंत, वर घड्याळ. आणि खुर्चीत माणूस.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? खदखदून हसलो. "वा ताई! झकास! कुणी केलं? खोलीचा फोटो काढायचा, टीव्हीला लावून महिनाभर तसाच ठेवायचा... अगं, एवढा धीर तर माझ्यातसुद्धा नाही!"

ताई स्वयंपाकघराच्या दारात कंबर धरून उभी होती. पडद्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "मेल्या, हे तुझेच धंदे," ती म्हणाली. "पूस ते आधी."

म्हणजे ती माझ्यावर संशय घेत होती आणि मी तिच्यावर. अशा वेळी दोघांपैकी एक नाटक करत असतो. मी करत नव्हतो. तिचंही नाटक वाटेना. तिला नाटक जमत नाही, लहानपणी लपाछपीतसुद्धा खोकायची.

मी आरशात पुन्हा नीट बघितलं. घड्याळावरचे आकडे स्वच्छ, सरळ वाचता येत होते. मी मान डोलावली. मग डोलावता डोलावता थांबलो.

आरशात सरळ?

उठून पुढे गेलो आणि डोळ्यांनी बघितलं. पडद्यावर घड्याळाचे आकडे उलटे होते. फोटो असता तर पडद्यावर सरळ आणि माझ्या आरशात उलटे दिसले असते. हा फोटो नव्हता. बंद काचेत ही खोली जशी दिसते तशी ती होती. पण बंद काच काही धरून ठेवत नाही. काचेवर बसतं ते आतून पेटलेलं. बाहेरचं आत जाऊन बसल्याचं मी ना पाहिलं, ना ऐकलं.

"दाजी, फार दिवस बसलात हो," मी म्हटलं. "तुमची सावली बसली."

"नीट बघ," दाजी म्हणाले.

बघितलं. सावलीतल्या माणसाचे दोन्ही पाय खाली, जमिनीवर. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पसरलेले. असा माणूस कधी बसतो? दवाखान्यात नंबर पुकारायची वाट बघताना. उठायच्या तयारीत.

५

अशा डागावर औषध एकच: पांढरा पडदा तासन् तास चालू ठेवायचा. सगळे कप्पे सारखे झिजले की सावली पुसट होते. ठेवला चालू. ताईने चहा दिला, मी स्वयंपाकघरात बसून तिची थट्टा करत होतो, पण कान बाहेरच होते. गुणगुण चालू होती. मधेच एखादा जाड माणूस बसल्यावर लाकूड करकरतं तसा आवाज आला. मी तीनदा डोकावलो. तिन्ही वेळा दाजी पाय वर घेऊन बसलेले, आरसा मांडीवर, डोळे पडद्यावर.

डाग उतरत होता. आधी भिंत गेली. मग घड्याळ गेलं. मग खुर्चीसुद्धा गेली.

माणूस राहिला. हवेत बसलेला.

"पॅनल जुनं आहे," मी ताईला म्हटलं. "काही ठिकाणी जास्त झिजतं." हे वाक्य मी गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते स्वतःला ऐकवलं.

पडदा बंद केला. झाकण लावलं. आता टीव्ही परत कपाटावर चढवायचा. ताई वाकूच शकत नव्हती.

"दाजी, या. एक बाजू धरा."

"राहू दे खालीच."

"टेबलावर? मग ताई तुम्हाला कपाटावर बसवेल."

"राहू दे म्हणतो ना."

मी तसाच निघून आलो असतो तर? पण माझी जीभ माझं कधी ऐकते? मी ताईकडे बघून डोळा मारला आणि म्हणालो, "सोड गं. साडेनऊ बोटांत कुठली आलीय ताकद? शेजारणीला बोलावतो, तिची दहा आहेत."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रिमोटच्या खोडीत मी पकडला गेलो तेव्हा बघितलं होतं तसंच: झालं?

त्यांनी आरसा बाजूला ठेवला, पाय खाली घेतला, आणि उठले.

आम्ही टीव्ही उचलला. काच खोलीकडे, मी एका कडेला, ते दुसऱ्या. वर चढवताना माझी मान वळली आणि काळ्या काचेत तिरकस मला खुर्ची दिसली. दाजी माझ्याबरोबर टीव्हीला हात लावून उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. काचेतली खुर्ची रिकामी असायला हवी होती.

काचेतल्या खुर्चीवरून कुणीतरी उठत होतं. खुर्चीच्या हातांवर तळवे रोवून, सावकाश.

टीव्ही कपाटावर टेकला. मी चटकन मागे वळलो. खरी खुर्ची रिकामी, उशीला दाजींच्या बैठकीचा खळगा. पुन्हा काचेत बघितलं तर मी, ताई, आणि दाजी. सगळे जागच्या जागी. धापा टाकणारा म्हातारा काहीही बघतो, असं मी स्वतःला बजावलं.

"दमलात का दाजी?"

"छे!" ते म्हणाले. खुर्चीकडे गेले, आणि बसले.

दोन्ही पाय खाली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साडेनऊ! काय पण नाव ठेवलंयस, वात्रटा." आणि हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

ताई कंबर विसरून धावत आली. "हसले!" ती मला म्हणाली. "अरे, हसले हे!"

मीही हसलो. आयुष्यभर ज्या हसण्याची वाट बघितली ते ऐकताना माझ्या मानेवरचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. उट्टं काढताहेत, मी मनात म्हटलं. एवढंच. आता म्हणतील, कसं फसवलं.

म्हणाले नाहीत.

६

पुढे मी वरचेवर जात राहिलो. ताईला सांगितलं, काम केलेल्या टीव्हीवर लक्ष ठेवावं लागतं. खरं म्हणजे कधी ना कधी ते सोंग टाकतील याची मी वाट बघत होतो. मी स्वतः सोंगं केली आहेत. माणूस किती वेळ तग धरतो ते मला ठाऊक आहे. एकटा आहे असं वाटलं की तो सैल पडतो. म्हणून मी खिडकीबाहेर माझ्या जुन्या जागी उभा राहून बघितलं. खोलीत एकटे असताना दाजी पाय खाली, हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसले होते. टीव्ही बंद होता. ते काचेकडे बघतच नव्हते. अगदी ठरवून, दुसरीकडे बघत होते.

आत गेलो. एक शिळा विनोद सांगितला, मुद्दाम, वाईट. ते खो खो हसले आणि हात पुढे केला. "टाळी दे!"

मी टाळी दिली. तळहातावर तळहात बसला, बोटांवर बोटं. पाचही. करंगळीला करंगळी, टोकापर्यंत.

मी हात सोडला नाही. खाली बघितलं. उजवा हात, अख्खा. मग त्यांचा दुसरा हात बघितला. तो खुर्चीच्या हातावर होता, आणि अर्धी करंगळी त्याला होती.

आता माझी पंचाईत बघा. सरळ डोक्याच्या माणसाने तिथल्या तिथे किंचाळायला हवं होतं. पण मी जन्मभर आरशात बघून काम केलेला माणूस. माझ्या डाव्या-उजव्याची केव्हाच सरमिसळ झालेली. मी विचार करत बसलो: उजवीच ना? की मी नेहमी आरशात बघितली? त्यांनी किती वेळा माझ्यासाठी आरसा धरला होता! इतकी वर्षं ज्या बोटावरून चिडवलं, ते कुठल्या हाताचं हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

स्वयंपाकघरात ताई भाजी चिरत होती. मी हळूच विचारलं, "ताई, दाजींचं बोट कुठल्या हाताचं गेलं होतं गं?"

सुरी थांबली.

"तुला काय करायचंय?"

"सांग ना. उजव्या ना?"

बाहेरून दाजींचं हसू आलं. एकटेच हसत होते.

"इतकी वर्षं मी त्या खुर्चीशी बोलले," ती म्हणाली. "ऊन पडलंय, पाऊस पडलाय, भाजी महाग झालीय. खुर्चीने कधी हं म्हटलं नाही. आता खुर्ची बोलते. चहाला छान म्हणते. तू मधे पडू नकोस, बाबा."

पुन्हा 'बाबा'. सुरी चालू झाली. मला एवढंच कळलं, की त्या घरात संशय घेणारा मी एकटाच उरलो होतो.

७

ताई बाजारात गेल्यावर मी टीव्ही लावला आणि पडदा पांढरा केला.

"आरसा धरू का?" दाजींनी पाठीमागून विचारलं. आवाजात कौतुक होतं.

"नको," मी म्हटलं. "आज समोरूनच बघतो."

सावली परत बसली होती. पुसट. भिंत, घड्याळ, खुर्ची. खुर्चीतल्या माणसाचा एक पाय वर होता, गुडघा छातीशी. एक तळवा पुढे केलेला, काचेला आतून लावलेला. प्लाझ्माची काच गरमच असते, पण मी हात लावला तेव्हा तेवढीच जागा गार होती. चार बोटं पूर्ण. पाचवं अर्ध्यातच संपलेलं.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाठीमागे खुर्चीचं लाकूड करकरलं नाही. तो उठला नाही. त्याला घाई नाही. त्याला फक्त बसून राहायचंय.

मी हे गल्लीत सांगितलं. गल्ली लोळून हसली. शेजारीण म्हणाली, "या वयातही तुमचं डोकं भारी चालतं हो!" विश्वास का ठेवतील? मी ज्यांना ज्यांना फसवलं ते सगळे जिवंत आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. तुम्हीही हसा. माझी हरकत नाही.

पण माझी अडचण समजून घ्या. पांढरा पडदा जास्त वेळ ठेवला तर सावली पुसली जाईल. ठेवलाच नाही तर मला ती दिसत नाही. दाजींना बाहेर कसं काढायचं, म्हणजे या खेपेला खुर्चीतल्याला आधी कसं उठवायचं, ते मला ठाऊक नाही. बोलून बघितलं, चिडवून बघितलं. तो हसतो आणि टाळी मागतो. आणि पॅनल जुनं आहे. गुणगुण हल्ली मधेच अडखळते. ज्या दिवशी ही काच जाईल त्या दिवशी दुसरी मिळणार नाही. भंगारातून तसल्या टीव्हींचे बोर्ड काढून मी घरी डबे भरून ठेवलेत. बायको म्हणते, म्हातारा चळला.

रोज जातो. काचेसमोर स्टूल घेऊन बसतो, क्षणभर पडदा पांढरा करतो, आणि सावलीला माझ्याकडचा सगळ्यात चांगला विनोद सांगतो. मागे खुर्चीत तो खदाखदा हसतो, स्वयंपाकघरात ताई हसते.

काचेतला हसत नाही. अजून एकदाही हसलेला नाही.

तेवढ्या भरवशावर मी उद्या पुन्हा जाईन.